पडद्यावरचं नाव

गजू,

तुझ्या शोकसभेचा फलक मीच तयार केला. दुसरं कोण करणार होतं? फोटोवरून रेखाशी माझा वादही झाला. तिला सुटातला हवा होता, मला खिशाला स्क्रू-ड्रायव्हर खोचलेला. शेवटी तिचंच खरं झालं, नवरा तिचा. फोटोखाली काय लिहायचं ते प्रेसवाल्यांनी परस्पर ठरवून पाठवलं होतं: 'गावोगावच्या छापखान्यांना मराठी अक्षरे देणारे संगणकमहर्षी'. महर्षी म्हणे. तू वाचलं असतंस तर आधी पोट धरून हसला असतास आणि मग म्हणाला असतास, राहू दे ताई, लोकायले बरं वाटते. मी 'महर्षी' काढून टाकलं. मेल्या म्हशीला मणभर दूध, हे तुझ्या बाबतीत तरी मी होऊ देणार नव्हते. पण बाकीची ओळ तशीच ठेवली, आणि सगळं तिथून सुरू झालं.

फलकाचा फोटो कोणीतरी ग्रुपवर टाकला. तो फिरत फिरत अकोल्याला गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मला एका बाईचा फोन आला. नाव शुभदा. आवाज शांत होता. म्हणाल्या, "मी माधवराव रोहणकरांची मुलगी. बाबांनी तो फलक वाचला. ते अजून आहेत हो, आणि वाचताही येतं त्यांना."

मी त्यांना नाव पुन्हा सांगायला लावलं.

गजू, हे नाव आपल्या दोघांत किती वर्षं नुसतं पडून होतं. तू असताना ते काढलं की तू उठून पाणी प्यायला जायचास. आता जाता येणार नाही, ऐकून घे.

तुला आपला पहिला कॉम्प्युटर आठवत असेलच, मला त्याचा वासही आठवतो. मी लग्न होऊन देऊळगाव राजाला प्रेसच्या घरात आले, तेव्हा छपाईसाठी शिशाच्या अक्षरांचे खिळे हाताने जुळवायचं काम चालायचं. मग आमच्या ह्यांनी जालन्याहून जुना कॉम्प्युटर आणला आणि त्यावर मराठी टायपिंग मी शिकले, कारण ह्यांचं बोट एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर जाईपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन परत यायचं. तू मावशीचा मुलगा, उंद्रीहून बी.एस्सी. करायला आमच्याकडे येऊन राहिलास. कॉलेजात किती गेलास ते बालाजीलाच ठाऊक. तू त्या कॉम्प्युटरचं झाकण काढून बसायचास आणि मी ओरडायचे, की अरे, कामाचं मशीन आहे, पोट आहे त्यावर. तू म्हणायचास, "उघडून पाह्यल्याबिगर त्याले ओळखू कसं?"

त्या मराठी सॉफ्टवेअरला कंपनीने एक लॉक दिलेलं होतं. अंगठ्याएवढा डबा, प्रिंटरच्या वायरीच्या मधे बसवायचा. तो नसला की कॉम्प्युटर सुरू व्हायचा, पण मराठी अक्षर उमटायचं नाही. ऐन लग्नसराईत लाइट कमी-जास्त झाली आणि तो डबा जळाला. कंपनी मुंबईची. त्यांनी सांगितलं, जळालेलं लॉक पोस्टाने पाठवा, तपासू, मग बघू. इकडे लोक लग्नाच्या तारखा घेऊन दुकानात बसलेले. नवरदेवाचा बाप मला विचारतो, बाई, लग्न पुढं ढकलू का तुमच्या डबीसाठी?

तू त्या उन्हाळ्यात दुपारभर ओला टॉवेल डोक्याला गुंडाळून त्या मशीनसमोर बसायचास. पडद्यावर आकडे आणि इंग्रजी अक्षरांच्या रांगा, ज्यातून मला काही म्हणता काही कळत नव्हतं. तू मला समजावलंस, की ह्या प्रोग्राममध्ये एका जागी तो विचारतो, लॉक आहे का? आहे म्हटलं तर पुढे जातो, नाही म्हटलं तर थांबतो. ती जागा सापडली की काम झालं, त्याला विचारूच द्यायचं नाही. एका दुपारी तू हाक मारलीस, मी पिठाच्या हाताने आले. पडद्यावर 'श्री गणेशाय नमः' उमटलं होतं. वायरीत काही नव्हतं. तुझा चेहरा मी त्या आधी तसा पाहिला नव्हता आणि नंतरही, वैष्णवी झाली तो दिवस सोडला तर, पाहिला नाही.

त्या दिवशी तू बरोबर होतास. हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते. आम्ही ते सॉफ्टवेअर रीतसर घेतलेलं होतं, आणि आमचीच वस्तू आम्हाला वापरू देत नव्हते.

पण तू तेवढ्यावर थांबणारा नव्हतास. चिखली, मेहकर, सिंदखेड राजा, तिकडे जालना, जिथे जिथे प्रेस होती तिथे तू शर्टाच्या खिशात फ्लॉप्या घेऊन एस.टी.ने गेलास. कोणाकडून चहापलीकडे काही घेतलं नाहीस. मी विचारलं, तुला मिळतं काय यातून? तर तू मला ती परदेशातल्या कॉलेजातल्या पोरांची गोष्ट सांगितलीस, कुठल्याशा मासिकात वाचलेली. कॉम्प्युटर खोलीएवढा असायचा तेव्हाची. ती पोरं प्रोग्राम लिहायची आणि उघड्या ड्रॉवरमध्ये ठेवून द्यायची. ज्याला पाहिजे त्याने घ्यावा, सुधारावा, परत ठेवावा. कोणी कोणाला शिक्षण विचारायचं नाही, वय विचारायचं नाही, कामात दम आहे का एवढंच पाहायचं. त्यांना हॅकर म्हणायचे, आणि तो तेव्हा मानाचा शब्द होता, असं तू दहा वेळा सांगायचास. पेपरात हॅकर म्हणजे चोर असं छापून आलं की तुझं जेवण बिघडायचं. "ताई, चोर कुलूप तोडते ते आतलं नेयासाठी. हे लोक उघडतात ते आत काय हाय पाह्यासाठी." मी म्हणायचे, ज्याचं घर आहे त्याला हा फरक कोण समजावून सांगणार? तू म्हणायचास, तू वकील व्हायले पायजे व्हती.

एक मात्र तुझ्या बाजूने सांगते, कारण शोकसभेत ते कोणी बोललं नाही. तो किराणावाला आला होता, भावाभावांत वाटणीचं भांडण, आणि त्याला भावाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये काय आहे ते तुझ्याकडून काढून घ्यायचं होतं. तू त्याला पायरीवरूनच घालवलास. मी आतून ऐकत होते. तू म्हणालास, "कंपनीनं सगळ्यायच्या तोंडावर लावलेलं कुलूप वेगळं आन् मानसानं आपल्या दाराले लावलेली कडी वेगळी. कडीले म्या हात लावत नसतो." मला तेव्हा तुझा एवढा अभिमान वाटला, की जेवताना तुला न विचारता तूप वाढलं. कारण सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

मग चिखलीच्या त्या प्रेसवाल्याने तुझी फ्लॉपी दुसऱ्यांना विकायला सुरुवात केली. स्वतःचीच करामत म्हणून विकत होता तो. तू दोन दिवस पिसाळल्यासारखा फिरत होतास. आणि तिसऱ्या दिवशी नवी फ्लॉपी तयार झाली. ती सुरू केली की पहिल्या पडद्यावर दिसायचं: 'फुकट घ्या, फुकट द्या. गजानन, उंद्री.'

मला ते पाहून हसू आलं. उंद्रीचं नाव जालन्याच्या प्रेसमध्ये रोज सकाळी दिसणार. मावशीला सांगितलं, तर ती म्हणाली, आता टीव्हीवर पण दिसन काय? तुला ते किती हवं होतं, हे मला ठाऊक होतं. त्याआधी एकदा तू पुण्याला कॉम्प्युटरच्या कोर्ससाठी गेला होतास. 'मले हे आधीच येते' म्हणालास आणि अख्खा वर्ग हसला. तुला काय येतं ते कोणी पाहिलंच नाही, 'मले' तेवढं ऐकलं. महिना व्हायच्या आत परत आलास आणि आईला सांगितलंस, की तिथलं पाणी मानवलं नाही. मला खरं सांगितलंस. म्हणालास, "मशीन बरं, ताई. ते बोली पाहत नाही." त्यानंतर तू शहराकडे पाहिलं नाहीस, पण शहराने तुझ्याकडे पाहावं असं तुला वाटत राहिलं. ह्यात वाईट काही नाही, कोणाला नाही वाटत?

फक्त त्या जागी आधी काय लिहिलेलं होतं, ते मी तेव्हा विचारलं नाही. पडद्याचा तो कोपरा कोण वाचतो?

ते कळलं माधवराव दुकानात आले तेव्हा. ते नात्यातल्या लग्नाला अकोल्याहून आले होते. हातात आम्हीच छापलेली पत्रिका. आधी मला वाटलं, चूक निघाली, नवरीच्या मामाचं नाव राहिलं की काय. पण ते पत्रिकेवरच्या एका अक्षरावर बोट ठेवून उभे होते. म्हणाले, हा 'ळ' माझा आहे. मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, की ते शाळेत चित्रकला शिकवायचे, आणि त्या कंपनीसाठी सगळी अक्षरं त्यांनी हाताने काढली होती. काळ्या शाईने, मोठ्या कागदावर, एकेक अक्षर पुन्हा पुन्हा. आम्ही ज्यावर पोट भरत होतो ती अक्षरं कोणा माणसाने बसून काढली असतील, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. मला वाटायचं, ती कॉम्प्युटरमध्येच असतात.

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्यांनी विचारलं, मशीन सुरू होताना बघू का? लहान मुलासारखे समोर सरकून बसले. मी सुरू केलं. 'फुकट घ्या, फुकट द्या. गजानन, उंद्री.' ते बघत राहिले. मग पडदा पुढे गेला तरी ते तिथेच बघत होते.

मला आधी काही कळलंच नाही. त्यांनीच सांगितलं. कंपनीने त्यांना एकदा काय द्यायचं ते दिलं आणि विषय संपवला. फक्त एक गोष्ट त्यांनी मागून घेतली होती, की सुरुवातीच्या पडद्यावर त्यांचं नाव असावं. 'अक्षररेखन: माधव दामोदर रोहणकर.' तुझी ओळ त्यांच्या नावावर बसली होती.

मी घाबरले. म्हटलं, आता हे तक्रार करणार, पोलीस आणणार. त्यांनी लॉकचं विचारलं, मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "कुलूप काढलं ते बरं केलं. ते मी लावलेलं नव्हतं. पण बाई, नाव कशाला काढलं?"

एवढंच. लग्नाला उशीर होतोय म्हणून उठले. जाताना पत्रिका बरोबर घेऊन गेले.

तू मेहकरहून आलास आणि मी तुला उंबऱ्यातच धरलं. आठवतं? तू म्हणालास, जागा नव्हती. तू मला समजावून सांगितलंस, शांतपणे, जसं तू गिऱ्हाइकाला सांगायचास: त्या फाइलमध्ये एक अक्षरही वाढवता येत नाही. वाढवलं की सगळं पुढे सरकतं आणि प्रोग्राम चालत नाही. जुन्याच्या जागी तेवढ्याच लांबीचं नवं लिहायचं. तुझी ओळ मावेल एवढी लांब जागा अख्ख्या फाइलमध्ये ती एकच होती. "कोणाचं नाव हाय ते म्या वाचलंच नाही, ताई. लांबी मोजली फक्त."

मी म्हटलं, मग उंद्री लिहायची काय गरज होती? 'फुकट घ्या, फुकट द्या' एवढं कुठेही मावलं असतं.

मग म्हणालास, "नाव नसतं टाकलं तर त्या चिखलीवाल्यानं आपलं टाकलं असतं."

हेही खरं होतं. तेच तर अवघड आहे ना, गजू. तू सांगितलेलं सगळं खरं होतं आणि तरी ते उत्तर नव्हतं. तुझ्याच त्या उघड्या ड्रॉवरच्या गोष्टीत पोरं एकमेकांचा प्रोग्राम घ्यायची, सुधारायची, पण ज्याने लिहिला त्याला विसरायची का? त्यांना दुसरं मिळत तरी काय होतं? आपल्या चार माणसांनी म्हणावं, की हे ह्याने केलं, वा. तू लोकांकडून पैसा घेतला नाहीस, हे मला कौतुकाचंच वाटतं. पण पैशापेक्षा तुला जे प्रिय होतं, नेमकं तेच तू त्या म्हाताऱ्याचं घेतलंस. हे मी तुला त्या दिवशी तोंडावर बोलले, आणि तू चप्पल घालून निघून गेलास. आठवडाभर आला नाहीस. आलास तेव्हा सोबत उंद्रीहून भाजी आणलीस, आणि मी ती शिजवली, आणि विषय संपला असं आपण दोघं धरून चाललो.

नंतर मी दोनदा-तीनदा काढला. एकदा तू म्हणालास, दुरुस्त करतो. मग म्हणालास, आता ते शेकडो मशीनवर गेलं, कोणाकोणाच्या दारात जाऊ? जाताना बरा गेला होतास दारोदार. मागच्या दिवाळीत मी पुन्हा म्हटलं, तेव्हा तुझे केस पांढरे झालेले, दिवसभर सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर लोकांचे सरकारी दाखले काढून डोळे चुरचुरायचे तुझे. तू म्हणालास, "ताई, आता ते कोण वापरते? सगळं बदललं. सोडून दे." मी म्हटलं, मी वापरते. माझ्याकडे ते जुनं मशीन अजून आहे, लोक जुन्या वळणाची पत्रिका मागतात. तू चहाचा कप खाली ठेवलास आणि वैष्णवीच्या अभ्यासाविषयी बोलायला लागलास. ती आपली शेवटची दिवाळी असेल हे माहीत असतं, तर मी काढला असता का तो विषय? असता बहुतेक. मी अशीच आहे.

आता शुभदाताईंचा फोन. त्यांनी काही मोठं मागितलं नाही. म्हणाल्या, "बाबांनी फलक वाचला आणि मला विचारलं, ही तीच अक्षरं का गं? मी हो म्हटलं. मग जेवले नाहीत. त्यांचं वय झालंय. ते आहेत तोवर कोणीतरी चार लोकांत खरं सांगावं, एवढंच." मग म्हणाल्या, की गेलेल्या माणसाविषयी असं बोलावं लागतंय याचं वाईट वाटतं. त्यांना वाईट वाटतं. मला वाटायला हवं ते त्यांना वाटत होतं.

मी रेखाला सांगितलं. लपवून केलं असतं तर तिला लोकांकडून कळलं असतं. ती पीठ मळत होती, थांबली. म्हणाली, "आक्का, ते गेले आता. बोलू शकत नाहीत. लोक येऊन राह्यले त्यायच्यासाठी, पोरगी समोर बसन. तिच्या देखता त्यायले चोर करता का?" मी म्हटलं, चोर कोण म्हणतंय? ती म्हणाली, "तुम्ही नाही म्हणणार. घरी जाऊन लोक म्हणतीन." आणि ते खरं होतं. या गावाला मी ओळखते, तू तर जास्तच ओळखायचास. इथे अर्धी गोष्ट बाजारात पोहोचते आणि उरलेली अर्धी लोक घरून आणतात.

गजू, मला तुझा फार राग आला. तुझी चिता विझून पंधरवडा झाला नव्हता आणि मी तुझ्यावर चिडून प्रेसमध्ये एकटी बसले होते. जे काम तू एका दुपारी केलं असतंस, ते तू माझ्यावर टाकून गेलास. एका बाजूला तुझी बायको आणि पोरगी, दुसऱ्या बाजूला एक म्हातारा, जो जेवत नाही. आणि मधे मी, जिला तू ताई म्हणायचास.

सभेत सगळे छान बोलले. जालन्याचा तो जाडा प्रेसवाला तर रडला, आणि ते खोटं नव्हतं. त्याने सांगितलं, की तू नसतास तर त्याची प्रेस बंद पडली असती. मेहकरचा बोलला, हिवरा आश्रम गावाहून एकजण आला होता तो बोलला. सगळे म्हणाले, गजाननभाऊंनी आम्हाला अक्षरं दिली. मग माझं नाव पुकारलं. उभी राहताना मी रेखाकडे पाहिलं नाही.

मी काय बोलले ते तुला सांगते, तुझ्यामागे बोलल्यासारखं व्हायला नको. मी म्हटलं, गजूने आपल्याला अक्षरं दिली नाहीत. अक्षरं अकोल्याच्या माधवराव रोहणकर सरांनी काढली, ते आज हयात आहेत. गजूने त्यावरचं कंपनीचं कुलूप काढलं आणि ती तुमच्या माझ्या दारात आणून दिली. हे करताना सरांचं नाव पुसलं गेलं, आणि ते त्याच्या हातून परत लिहायचं राहिलं. ते राहू नये म्हणून मी सांगते आहे. तो माझा भाऊ होता.

'राहिलं' म्हटलं मी. 'त्याने लिहिलं नाही' असं नाही म्हटलं. तेवढं तुझ्यासाठी.

मग दोन मिनिटं मौन पाळायचं होतं ते पाळलं. नंतर लोक माझ्याजवळून जाताना चपला शोधत खाली बघत होते. जालन्याचा तेवढा थांबला, म्हणाला, बाई, आमच्या मशीनवर त्या सरांचं नाव परत टाकता येईल का? मी म्हटलं, विचारून सांगते. आणि म्हटल्यावर लक्षात आलं, की हे विचारायचं ते तुलाच.

शुभदाताईंना कोणीतरी माझ्या बोलण्याचं चित्रण पाठवलं होतं. त्यांचा फोन आला. सरांनी पाहिलं म्हणे, दोनदा. मी विचारलं, काय म्हणाले? त्या म्हणाल्या, "विचारत होते, तो मुलगा कसा गेला, वय काय होतं." बस. माफ केलं म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. माफी मागायला तू हवा होतास.

रेखा माझ्याशी बोलत नाही. मी गेले तर चहा ठेवते, समोर बसत नाही. मी तिला दोष देत नाही. माझ्या तोंडाने मी तिचं सौभाग्य गेल्यावर नवऱ्याचं जे नाव उरलं होतं तेही थोडं कमी केलं, असं तिला वाटत असेल. मलाही अधूनमधून वाटतं. सकाळी जाग आली की आधी तेच वाटतं.

पण मागच्या आठवड्यात वैष्णवी प्रेसमध्ये आली. कॉलेज बुडवून. तुझे डोळे, तुझीच ती खांदे पाडून बसायची सवय. मला वाटलं, आता ही भांडणार, आणि मी ऐकून घ्यायचं ठरवलं होतं. ती म्हणाली, "आत्या, ते जुनं मशीन चालू कर." मी चालू केलं. तुझं नाव आलं. ते वाचून तिने तिचा लॅपटॉप काढला, आपल्या मशीनमधली ती फाइल त्यावर घेतली आणि उघडून बसली. तिला सरांचं पूर्ण नाव हवं होतं. मी कागदावर लिहून दिलं.

मी पत्रिका कापत होते. बऱ्याच वेळाने तिने मला बोलावलं. म्हणाली, कंपनीचं लॉक बाबाने काढलं ती जागा सापडली, ते सोपं आहे. पण बाबाचं नाव सापडत नाही. मी म्हटलं, अगं, ते तर पहिल्याच पडद्यावर आहे. ती म्हणाली, पडद्यावर आहे, फाइलमध्ये तसं लिहिलेलं नाही. त्याने ते उलटंपालटं करून लपवून ठेवलंय, आणि कंपनीच्या लॉकच्या मोकळ्या झालेल्या जागेत असं काही घातलंय, की कोणी त्या नावाला हात लावला तर प्रोग्राम सुरूच होत नाही. तिने करून बघितलं होतं, तिच्याजवळच्या फाइलवर. नुसता काळा पडदा.

मला समजायला वेळ लागला. मी विचारलं, म्हणजे काय?

"म्हंजे बाबानं लॉक लावलं, आत्या. सोताच्या नावाले."

चिखलीवाल्यामुळे लावलं असशील. मी तिला लगेच तेच सांगितलं, चिखलीवाल्याची सगळी गोष्ट सांगितली, तुझी बाजू मी जितकी चांगली मांडता येईल तितकी मांडली. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, मग सरांचं नाव परत टाकतो म्हणाला तेव्हा त्याला तर हे उघडता येत होतं ना? मी म्हटलं, हो. त्याला एकट्यालाच.

ती रडली नाही. मी रडले. इतक्या दिवसांत नीट रडले नव्हते, ते तिथे कटिंग मशीनजवळ उभी राहून रडले. गजू, सगळ्या जिल्ह्याची कुलूपं उघडत फिरलास आणि एक स्वतः लावून गेलास, तेही एवढ्याशा ओळीला. पुण्याच्या त्या वर्गात एखाद्याने तुला नीट विचारलं असतं, की बाबा, तुला काय येतं ते दाखव, तर लावलं असतंस का? मला माहीत नाही. मला तुझी कीव आली, आणि तुझ्यावर माया आली, आणि राग होता तो तसाच राहिला. तिन्ही एकदम कशी राहतात कोण जाणे.

वैष्णवी तेव्हापासून रोज दुपारी येते. आईला सांगते, आत्याकडे जाते, आणि रेखा अडवत नाही. आज तिने खुर्ची खिडकीकडून फिरवून घेतली, उन्हाची तिरीप पडद्यावर येते म्हणून, आणि ओढणी डोक्याला गुंडाळून बसली आहे. मघाशी मी तिला म्हटलं, नाही जमलं तर सोडून दे, बेटा, तुझ्या बापाने लावलंय ते. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "म्हूनच उघडून राह्यली, आत्या."